पथ्य चुकलं नव्हतं

माझ्या धाकट्या बहिणीला थायरॉइडचा कर्करोग आहे. किरणोत्सारी आयोडीन दिलं, पण गाठींनी ते घेतलंच नाही. "पथ्यात मीठ चुकलं असेल," असं घरचेच म्हणाले. (मंडळी, तुमच्यापैकीही काही!) आता तीही स्वतःलाच दोष देते. म्हणून हे लिहिते आहे.

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचं पुस्तक एकच असतं. त्यातलं कोणतं पान वाचायचं, हे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर नावाची प्रथिनं ठरवतात. थायरॉइडमध्ये पॅक्स-८ आणि टीटीएफ-१ ही त्यातली मुख्य. रक्तातलं आयोडीन आत ओढून घेण्याचं पान तीच उघडून देतात. काही कर्करोगांत त्यांचा अंमल ओसरतो, पान मिटतं आणि पेशी आपलं काम विसरते. मग पथ्य कितीही काटेकोर पाळलं, तरी आयोडीन आत जाणार कसं?

२०१३ साली अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीत सेल्युमेटिनिब हे औषध दिल्यावर २० पैकी १२ रुग्णांच्या गाठी जास्त आयोडीन घेऊ लागल्या. म्हणजे त्यांचं पान फाटलं नव्हतं, नुसतं मिटलं होतं. सगळ्यांनाच हे लागू पडतं असं नाही.

माझं म्हणणं एवढंच, की "आयोडीन घेत नाही" म्हटल्यावर डॉक्टरांनी आणखी दोन वाक्यं आपल्या भाषेत बोलावीत. आणि तिला भेटायला जाल तेव्हा मिठाची चौकशी नको. पेशी पाठ विसरली, त्यात बहिणीचा काय दोष?