आकडा पडद्यावर, आई दाराबाहेर



दिवस पुरे होण्याआधीच जन्मलेलं, किलोभरही न भरणारं बाळ काचेच्या पेटीत असतं आणि ओली बाळंतीण दाराबाहेरच्या बाकावर. आत बाळाचा रक्तदाब मोजला जातो, औषधं सुरू होतात, बंद होतात. बाहेर तिच्यापर्यंत एवढंच पोचतं, 'बीपी कमी आहे.' कमी म्हणजे किती, असं तिनं विचारलंच तर उत्तर येतं, 'तुम्हाला ते कळायचं नाही.'

खरं तर याचं पक्कं उत्तर वैद्यकशास्त्राकडेही नाही. १९९२ साली ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी एक ठोकताळा सुचवला. बाळ जितक्या आठवड्यांचं, निदान तितका त्याचा सरासरी रक्तदाब हवा. म्हणजे २६ आठवड्यांच्या बाळाचा २६. हा ठोकताळा पुष्कळ ठिकाणी रुजला. पण आकडा त्याखाली असूनही बाळाचे हातपाय ऊबदार असतात, लघवी नीट होते, असंही दिसतं. रक्तदाब फारच घसरला तर मेंदूला रक्त कमी पडण्याची भीती असते, तेव्हा डॉक्टरांची काळजी खोटी नाही. मात्र केवळ आकड्यावरून डोपामिनसारखं औषध द्यावं, की बारीक लक्ष ठेवून थांबावं, यावर त्यांच्यातच एकमत नाही. हे तपासण्यासाठी युरोप आणि कॅनडात ८३० बाळांचा अभ्यास योजला होता. पुरेशी बाळं न मिळाल्यानं तो ५८ वरच थांबला. २०२१ साली तो प्रसिद्ध झाला, प्रश्न तसाच राहिला.

जिथे जाणकारही अंदाजानं पावलं टाकतात, तिथे आईला गप्प बसवण्याचा अधिकार कुणाला?

दोष द्यायला मात्र ती हाताशी असते. 'काहीतरी जड उचललं असशील,' असं घरचे म्हणतात. गरोदरपणी तिचाच रक्तदाब वाढला होता का, तो कुणी वेळेवर मोजला का, हे कुणी विचारत नाही. तो फार वाढला तर तिचा जीव वाचवण्यासाठी बाळंतपण लवकर करावं लागतं. अपुऱ्या दिवसांच्या कित्येक बाळांची कहाणी इथूनच सुरू होते.

आई आत आली तर काय होतं, हेही आता माहीत आहे. भारतासह पाच देशांतला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. १ ते १.८ किलो वजनाची बाळं जन्मल्यापासूनच आईच्या उघड्या छातीशी ठेवली, तेव्हा बाळमृत्यू २५ टक्क्यांनी घटले. त्यासाठी आईची खाटच अतिदक्षता विभागात नेली होती. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. किलोच्या आतली बाळं या अभ्यासात नव्हती. पण आई आत आल्यानं उपचारांत अडथळा येतो, ही सबब आता चालणार नाही. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनंही आई आणि बाळ एकत्र ठेवण्याची शिफारस केली.

तेव्हा आपल्या गटांनी आपापल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारावं. नवजात बालकांच्या कक्षात आईला खाट आहे का? बाळाचा रक्तदाब, औषधाचं नाव आणि ते देण्याचं कारण तिला तिच्या भाषेत रोज कोण सांगतं? आणि वस्तीतल्या प्रत्येक गरोदर बाईचा रक्तदाब दर तपासणीला मोजला जातो का?

डॉक्टरांशी भांडायला आपण जात नाही. बाळाच्या आईची जागा मागायला जातो आहोत.