नळ घरात, चावी नगरपालिकेत

मैत्रिणींनो, गढूळ पाणी आलं की आपण तुरटी फिरवतो, उकळून गाळून घेतो. पण पाण्यात शिसं असेल तर? ते उकळूनही जात नाही!

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं फ्लिंट हे तेव्हा जवळपास लाखभर वस्तीचं शहर. तिजोरीत खडखडाट, म्हणून राज्य सरकारनं तिथं प्रशासक बसवला होता. पैसे वाचवायला एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉइटचं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं सुरू झालं. पाइप झिजू नयेत म्हणून घालायचं रसायन मात्र घातलंच नाही. जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरलं.

तांबूस पाण्याच्या बाटल्या घेऊन बायका सभेत गेल्या. मार्च २०१५ मध्ये नगरसेवकांनी ७ विरुद्ध १ मतांनी डेट्रॉइटचं पाणी मागितलं. प्रशासकानं ते धुडकावलं. त्याला कुठं मतं मागायची होती!

सप्टेंबरमध्ये डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्तातलं वाढलेलं शिसं दाखवून दिलं, तेव्हा कुठं ऑक्टोबरमध्ये जुनं पाणी परत आलं.

तेव्हा ‘राजकारण पुरुषांचं’ म्हणून सोडू नका. आपल्या वॉर्डाचं पाणी कोण तपासतं, हे एकदा विचाराच. आणि उत्तर द्यायला बांधलेला माणूस तिथं आहे ना, तेही बघा.