तिसऱ्या चढाईची वाट कशाला पाहायची?

आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचे दिवस आले की महागावात चहाच्या टपरीवर आणि विहाराच्या ओट्यावर एकच वाद रंगतो. आपल्या कॉलेजची पोरे इतकी जपून का खेळतात? चढाईला जातात, निदान रेषा ओलांडतात, जमला तर बोनस घेतात आणि परत फिरतात. एकेकाळी हुतुतू गाजवलेले बुजुर्ग म्हणतात, "अरे पोट्टेहो, अंगाला हात लावल्याबिगर गडी मरते का?" पोरे म्हणतात, "काका, आता डोक्यानं खेळा लागते." हा वाद वरवर खेळाचा आहे, पण तो आपल्या घरापर्यंत येतो. म्हणून आज त्यावर लिहीत आहोत.

आधी पोरांची बाजू पाहू. चढाई करणारा पकडला गेला की समोरच्यांना एक गुण मिळतो, त्यांचा बाद झालेला एक गडी आत येतो आणि आपला एक बाहेर जातो. एका चुकीत तिहेरी नुकसान. शिवाय एक चढाई 30 सेकंदांची असते. शेवटची दोन मिनिटे उरली आणि हाती चार गुणांची आघाडी असेल, तर वेळ काढणे शहाणपणाचेच. त्याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

पण पहिल्या मिनिटापासून तसेच खेळले तर काय होते? समोर सहा किंवा सात गडी असतील तेव्हाच बोनस मिळतो. त्याने गुण वाढतो, पण आपला बाहेर बसलेला गडी आत येत नाही. तो आत येतो गडी टिपल्यावर किंवा पकड केल्यावर. म्हणजे फलकावरचा आकडा हलत राहतो आणि आपली पोरे मात्र बाहेरच बसून राहतात. मैदानात माणसे कमी झाली की लोण चढायला वेळ लागत नाही, आणि लोणाचे दोन गुण वेगळेच जातात.

खेळाच्या नियमांनीही नुसत्या जपून खेळण्याला मर्यादा घातली आहे. निदान रेषा ओलांडल्याशिवाय परतला तो बाद. 'निदान इथपर्यंत तरी जा', असाच त्या नावाचा अर्थ आम्ही घेतो. 2014 साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीने आणखी एक नियम घरोघरी पोहोचवला. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण आणावाच लागतो, नाही तर चढाई करणारा बाद. आमचा प्रश्न इतकाच आहे की, जे धाडस तिसऱ्या चढाईला नाइलाजाने करायचे, ते पहिल्या चढाईला आपल्या मर्जीने का करू नये? तिसऱ्या वेळी समोरचे सातही जण सावध होऊन उभे असतात.

2016 साली अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. मध्यंतराला भारत इराणपेक्षा 13-18 असा मागे होता. उत्तरार्धात अजय ठाकूरने चढायांचा सपाटा लावला आणि भारताने 38-29 ने सामना जिंकला. मागे पडल्यावर जपून खेळून तो चषक आला नसता.

मग थांबणे नेहमीच चूक का? तसेही नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबरात हजारो सत्याग्रही पुन्हा महाडला जमले, तेव्हा कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आलेला होता. लोक तुरुंगात जायला तयार होते, पण बाबासाहेबांनी त्या वेळी तळ्यावर जाणे थांबवले. ते थांबणे माघारीचे नव्हते. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले आणि पुढे 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टात विजय मिळाला. थांबायचे असेल तर पुढचे पाऊल ठरवून थांबावे, हे आपण तिथून शिकावे.

आता घरातली गोष्ट. आपली बरीच पोरे सुट्टीत सोयाबीन काढायला, कापूस वेचायला जातात. गुडघा दुखावला तर मजुरी बुडते आणि दवाखान्याचा खर्च अंगावर येतो. "खेळ, पण जपून," असे आई म्हणते, त्यात तिचे काहीच चुकत नाही. मुलींना तर हे दुप्पट ऐकावे लागते. त्यावर उपाय चढाई सोडणे हा नाही. सराव नियमित व्हावा, मैदानातले खडे वेचलेले असावेत, सामन्याच्या ठिकाणी प्रथमोपचाराची पेटी असावी. हे आपण पालकांनी कॉलेजकडे मागितले पाहिजे.

आणखी एक विनंती. पोरगा धाडसाने आत शिरला आणि पकडला गेला, तर काठावरून त्याला शिव्या देऊ नका. शिव्या खाल्लेला पोरगा पुढच्या वेळी रेषेला पाय लावून परत येईल, आणि बाहेर बसलेला त्याचा सोबती तिथेच बसून राहील. नोकरीला लागून शहरात गेलेल्या आपल्या बांधवांनीही या नियमाचा थोडा विचार करावा. आपला गुण झाला, पण आपल्यामुळे बाहेरचा किती जण आत आला?

जयभीम.