कर्जाचा सल्लागार कोणाचें मीठ खातो?

१८७५ सालीं सुप्याच्या बाजारांत कुणब्यांनीं सावकारांचे रोखे जाळले. त्या रोख्यांत काय लिहिलें होतें, हें बहुतेकांस वाचतांही येत नव्हतें. २००९ सालीं रिझर्व्ह बँकेनें कर्जसल्ला केंद्रांची योजना काढली. सल्ला फुकट, आणि केंद्रानें बँकेपासून अंतर राखावें, असा नियम केला. नियम चांगला! पण सल्लागाराचें मानधन बँकच देणार. जागाही बहुधा निवृत्त बँक अधिकाऱ्यास, तीही करारापुरती. मीठ देणाऱ्याविरुद्ध त्यानें तोंड कसें उघडावें? कुणबी-सुतारांच्या शिकलेल्या मुलामुलींनीं हें काम करावें, असें आम्हांस वाटतें. व्याजाचा हिशेब त्यांनीं घरींच सोसला आहे. मात्र सरकारनें आपल्या तिजोरींतून कायम जागा व पोटभर पगार द्यावा. नाहीं तर तींच मुलें वसुलीदार होऊन आमच्या दारीं येतील.