फारसी पोथ्यांची साक्ष

भारतीय संगीताचा विषय निघाला की काही विचारवंतांची मांडणी ठरलेली असते : या संगीताला शास्त्राचे रूप आले ते मध्ययुगातील फारसी दरबारांमुळे. हे ऐकून आपल्यातील काही मंडळी दुसरे टोक गाठतात आणि फारसी पोथ्या म्हणजे परक्यांचा पसारा, असे समजून त्यांच्याकडे पाठ फिरवितात. दुर्दैव असे की, या दोघांनीही त्या पोथ्या उघडलेल्या नसतात.

उघडल्या असत्या, तर काय दिसले असते? इ. स. १३७४-७५ मध्ये गुजरातच्या सुभेदारासाठी 'घुन्यत-उल-मुन्या' हा फारसी ग्रंथ लिहिला गेला. त्याच्या अनामिक कर्त्याचा आधार संस्कृत ग्रंथांचा आहे आणि त्यांत शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर'ही आहे. हा रत्नाकर तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने देवगिरीस रचला गेला. यादवांचे राज्य बुडाले; पण देवगिरीची विद्या काही दशकांतच गुजरातेत फारसीतून बोलू लागली होती!

ग्वाल्हेरचा राजा मानसिंह तोमर याच्या नावाने प्रसिद्ध असलेला 'मानकुतूहल' आज प्रामुख्याने ज्ञात आहे, तो फकीरुल्लाहने १६६६च्या सुमारास केलेल्या 'रागदर्पण' या फारसी अनुवादामुळे. हा फकीरुल्लाह औरंगजेबाचा काश्मीरमधील सुभेदार. पुढे १७२४ मध्ये पंडित दीनानाथाने अहोबलाचे 'संगीतपारिजात' फारसीत आणले. राग, श्रुती, मूर्च्छना, ताल या संज्ञा या लेखकांनी बहुधा तशाच ठेवल्या. केवळ लिपी बदलली. इराणी सुरावटींशी देवाणघेवाण झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या शास्त्राच्या चौकटीत ती सामावली गेली, ती चौकट येथलीच होती. याची साक्ष आपल्या अभिमानाने नव्हे, तर फारसी लेखकांच्या लेखणीनेच दिलेली आहे.

मग ही साक्ष नोंदवून घेणार कोण? विल्यम जोन्स याने अठराव्या शतकात हिंदूंच्या रागांवर निबंध लिहिला, तेव्हा मिर्झा खानाचा 'तुहफत-उल-हिंद' त्याच्यासमोर होता. आपल्याकडे प्रेमलता शर्मा यांनी नायक बख्शूच्या ध्रुपदांचा, शाहजहानच्या काळात फारसी प्रस्तावनेसह सिद्ध झालेला 'सहसरस' १९७२ मध्ये संपादित केला. शहाब सरमदी यांनी 'घुन्यत' आणि 'रागदर्पण' यांच्या संपादनासाठी परिश्रम घेतले. अशी नावे बोटांवर मोजावी लागतात, हीच खरी लाजिरवाणी गोष्ट आहे.

२०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठी 'ज्ञान भारतम्' अभियान घोषित झाले. संगीतावरील फारसी पोथ्यांना त्यात हक्काचे स्थान मिळाले पाहिजे. संस्कृतज्ञ, फारसीचे जाणकार आणि गवई यांनी एकत्र बसून त्या वाचल्या पाहिजेत; त्यांचे मराठी अनुवाद झाले पाहिजेत. ज्या महाराष्ट्राने भातखंडे दिले, त्याने येथे मागे राहू नये. आपला वारसा दुसऱ्या लिपीत आहे म्हणून तो परका ठरत नाही; तो परका होतो, आपण वाचावयाचे सोडून दिले म्हणजे.