पाथ चिकटवू नका, जोडा!

रूमवर पळणारा प्रोजेक्ट नेमका व्हायव्हाला का झोपतो? आमचाही झोपला. एक्स्टर्नल समोर आणि स्क्रीनवर 'फाइल सापडत नाही'! कोडमध्ये विंडोजचा अख्खा पाथ हातानं लिहिलेला; लॅबमध्ये लिनक्स, तिथं सी ड्राइव्ह कुठला?

१९८३ साली डॉसमध्ये डिरेक्टरी आल्या, तेव्हा स्लॅश आधीच कमांडच्या स्विचसाठी वापरात होता, म्हणून बॅकस्लॅश घेतला. सोय त्यांची, मार्क गेले आमचे!

नुसता स्लॅश बदलूनही भागत नाही. रंकाळ्यावर उभं राहून 'इथनं डावीकडं' म्हणून सांगितलेला पत्ता बिंदू चौकातल्या माणसाला काय कामाचा? म्हणून सुरुवात प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरपासून धरा आणि पुढचे तुकडे पाथलिबला जोडू द्या. पायथनमध्ये ते २०१४ पासून आहे, तरी आपण प्लसनंच चिकटवतोय.

सरांनीही हे पहिल्याच प्रॅक्टिकलला घ्यावं. एखादं सॉर्टिंग कमी झालं तरी चालेल.