दाराशी थांबलेला दलाल

घर विकायला काढायचं, आणि दलाल गिऱ्हाईक घेऊन आला की "सामायिक चाललंय, उद्या या." हे आपल्यात फार झालंय. सामायिक 48 मिनिटांचं असतं. मग तो तीनतीनदा परत का जातो?

अकोल्याचा जठारपेठेतला फ्लॅट विकताना मीही तेच केलं. किल्ली इथे अमरावतीला, माझ्या कपाटात. शेजारणीकडे ठेवायला जीव होईना. मे महिन्यात तो मुलगा यवतमाळच्या कुटुंबाला घेऊन जिन्यात बसला. "काकू, किल्ली कोणाकडे?" मी म्हटलं, रविवारी येते. गिऱ्हाईकाने दुसरीकडे घर घेतलं. सौदा झाला तरच त्याला दलाली. पेट्रोल मात्र त्याचंच जळलं.

दलाल लबाड असतात म्हणाल. असतील. मग त्याला काम सांगितलंच कशाला?

पाणी गाळून पिणाऱ्या आपण! दुसऱ्याच्या लाभात विघ्न आणलं की अंतराय कर्म बांधलं जातं, हे तत्त्वार्थसूत्राच्या स्वाध्यायाला बसणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. ते दलालाच्या पोटालाही लागू आहे.

देवघरात शिरू नका, चपला बाहेर काढा, चौविहाराच्या घाईत येऊ नका, हे जरूर सांगा. पण आधी सांगा. वेळ द्या ती पाळा, किल्ली जवळच्या कोणाकडे ठेवा. जमत नसेल तर "विकणे आहे"ची पाटी उतरवा.